एक्स-रे साफ, स्पायरोमेट्री ‘नॉर्मल’, खोकला ११ आठवडे: दमा म्हणायचा की नाही?

तालुका_जीपी

छातीच्या डॉक्टरांचं मत हवंय. पेशंट बाई, वय ४२, उंची १५२ सेंमी, वजन ५४ किलो. ११ आठवडे कोरडा खोकला. रात्री तीन-चारच्या सुमाराला ढास लागते आणि उठून बसावं लागतं. दिवसा फोडणीचा वास, हसणं, गार वारा, यातलं काहीही पुरतं. ताप नाही, वजन घटलेलं नाही, बेडक्यातून रक्त नाही. विडी-सिगारेट नाही, मिश्री दोन वर्षांपूर्वी सोडली. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या नाहीत. छाती तपासली तर साफ, घरघर एकदाही ऐकू आली नाही.

आतापर्यंत झालेलं: दुसरीकडे लेव्होफ्लॉक्सासिन ७ दिवस, मग दोन प्रकारची सिरप, मग कुणीतरी रोटाकॅप दिल्या (श्वासातून ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल: बुडेसोनाइड हे स्टेरॉइड, फॉर्मोटेरॉल हे नळ्या उघडणारं औषध), त्या ‘वाटलं तर’ घेतात. छातीचा एक्स-रे साफ. थुंकी एकदा मायक्रोस्कोपीला पाठवली, निगेटिव्ह. टीएलसी (रक्तातल्या एकूण पांढऱ्या पेशी) ८२००, इओसिनोफिल (त्यातल्या ॲलर्जी-जंतांत वाढणाऱ्या पेशी) ९ टक्के. जिल्ह्याच्या गावी स्पायरोमेट्री (मशिनमध्ये फुंकून श्वास मोजणारी तपासणी) केली:

एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून जोरात बाहेर फुंकलेली एकूण हवा) २.४६ लिटर
एफईव्ही१ (त्यातली पहिल्या सेकंदातली हवा) १.९४ लिटर, अपेक्षितच्या ८८ टक्के
गुणोत्तर (एफईव्ही१ भागिले एफव्हीसी) ०.७९
सालब्युटामॉलनंतर (नळ्या लगेच उघडणारं औषध) एफईव्ही१ २.०५

रिपोर्टवर ‘नॉर्मल, रिव्हर्सिबिलिटी नाही’, म्हणजे औषधाने नळ्या पुरेशा उघडल्या नाहीत. म्हणजे दमा नाही असं लिहून मोकळं व्हावं का? की चार आठवडे नियमित पंप देऊन पाहावं? पेशंटचा हट्ट एकच: ‘पंपाची सवय लागते, पंप नको.’

फुंकर_पीएफटी

निदानाबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही, पण हा आकडा ज्या मशिनमधून आला त्याबद्दल तीन प्रश्न विचारतो.

पहिला: तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांनी रोटाकॅप ओढली होती का? सालब्युटामॉल किमान ४ तास, दिवसातून दोनदा घ्यायचं फॉर्मोटेरॉल-सालमेटेरॉल २४ तास, आणि दिवसातून एकदाच घ्यायची लांब पल्ल्याची औषधं ३६ तास बंद हवीत. नळ्या आधीच उघडलेल्या असल्या तर आपण चार पफ देऊन आणखी काय उघडणार? ‘रिव्हर्सिबिलिटी नाही’ या शेऱ्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

दुसरा: रिपोर्टवर नुसते आकडे आहेत की ग्राफही? ग्राफ नसेल तर तो रिपोर्ट मी धरतच नाही. आकारमान-वेळ ग्राफ शेवटी सपाट झाला पाहिजे: एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा बाहेर पडते आहे इथपर्यंत, नाहीतर मग १५ सेकंद. पेशंटने तिसऱ्या सेकंदाला तोंड सोडलं तर एफव्हीसी खोटी कमी येते. छेदच लहान झाला की गुणोत्तर आपोआप फुगतं आणि अडथळा झाकला जातो. खोकल्याच्या पेशंटमध्ये हे हमखास होतं, कारण शेवटी शेवटी ढास येते. पहिल्या सेकंदात खोकला आला तर तो प्रयत्न सरळ बाद.

तिसरा: किती प्रयत्न केले? तीन बरे प्रयत्न हवेत आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन एफईव्ही१ मध्ये (एफव्हीसीतही) १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. आठ वेळा फुंकूनही जमलं नाही तर त्या दिवशी थांबायचं. ‘पेशंट को-ऑपरेटिव्ह नाही’ असा शिक्का मारण्याआधी नाकाला चिमटा होता का, कवळी घट्ट बसलेली होती का आणि समोरच्याने ‘फुंका, फुंका, अजून, अजून’ म्हणून घसा ताणला होता का, हे बघा.

सालब्युटामॉलचं म्हणाल तर १०० मायक्रोग्रॅमचे ४ पफ, स्पेसरमधून, एकेक करून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा फुंकणं. घाईच्या लॅबमध्ये दोन पफ आणि पाचव्या मिनिटाला दुसरी टेस्ट होते, तीही विचारा.

छाती_विभाग

दम्याकडे यायच्या आधी टीबी मिटवा. दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे आपल्याकडे संशयित टीबी, आणि एकदा केलेल्या मायक्रोस्कोपीने तो मिटत नाही. थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) पाठवा, सरकारी केंद्रात फुकट होते. कोरडा खोकला असेल तर सकाळी उठल्या-उठल्याचा नमुना घ्या, नाहीतर सलाइनची वाफ देऊन. ते रिपोर्ट येईपर्यंत स्पायरोमेट्रीला पाठवू नका, तिथे जोरात फुंकायचं असतं आणि पुढचा पेशंट त्याच खोलीत येतो.

लेव्होफ्लॉक्सासिन दिलं गेलंय हे नोंदवून ठेवा. ते टीबीच्या जंतूवर चालतं. आठवडाभर बरं वाटतं, थुंकी काही काळ स्वच्छ दिसते आणि निदान लांबतं. खोकल्याला ते ‘जरा स्ट्राँग अँटिबायोटिक’ म्हणून लिहिणं बंद झालं पाहिजे. तीच गोष्ट डेक्साच्या (स्टेरॉइडच्या) इंजेक्शनची. दमा असो, इओसिनोफिलिया असो की टीबी असो, त्या दिवशी तिन्हीला बरं वाटतं, म्हणून त्यातून निदान शून्य.

आता दमा. ‘स्पायरोमेट्री नॉर्मल म्हणून दमा नाही’ हे वाक्य चूक आहे. दमा म्हणजे बदलणारा अडथळा. सकाळी अकरा वाजता लॅबमध्ये बसलेल्या माणसाच्या नळ्या उघड्या असू शकतात, आणि पहाटे तीनला लॅब बंद असते. नुसता खोकला हेच एकमेव लक्षण असलेला दमा असतोच, त्यात घरघर कधीच ऐकू येत नाही.

पण उलटं वाक्यही तितकंच चूक: ‘पंपाने बरं वाटलं म्हणून दमा.’ इओसिनोफिलिक ब्राँकायटिसमध्ये नळ्या मुळीच आवळत नाहीत, मेथाकोलिन टेस्ट (औषध ओढायला देऊन नळ्या आवळतात का ते बघायची) निगेटिव्ह येते, तरी स्टेरॉइडच्या पंपाने खोकला पळतो. व्हायरल आजारानंतरचा खोकलाही आपण पंप सुरू करतो त्याच सुमाराला आपसूक विरत असतो, आणि श्रेय पंपाला जातं. म्हणून माझा आग्रह एवढाच की पंप चालू करण्याआधी कागदावर एक तरी आकडा बदलताना दिसला पाहिजे. एकदा नियमित स्टेरॉइड सुरू झालं की तो आकडा मिळवणं अवघड होतं, आणि पेशंट पुढची वीस वर्षं ‘मला म्हणे दमा आहे’ सांगत फिरतो.

तो आकडा मिळवायच्या वाटा, तालुक्याला परवडेल त्या क्रमाने:

सालब्युटामॉलआधी-नंतरची स्पायरोमेट्री, पण औषधं बंद ठेवून आणि शक्यतो त्रास होत असतानाच्या दिवशी. एफईव्ही१ १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्ही वाढलं तर पॉझिटिव्ह. तुमच्या पेशंटचं ११० मिलिलिटर, म्हणजे ५.७ टक्के. इथे एक खाच आहे. बुटक्या, वयस्क बायकांमध्ये २०० मिलिलिटर हा मोठा पल्ला असतो. १.४० वरून १.५८ झालं तर टक्के १२.९, पण मिलिलिटर १८०, जुन्या नियमाने नापास. युरोप-अमेरिकेच्या श्वसन संघटनांनी २०२१ मध्ये नियम बदलला: अपेक्षित एफईव्ही१ च्या १० टक्क्यांहून जास्त वाढ. त्याच बाईंचं अपेक्षित १.७५ असेल तर १८० मिलिलिटर म्हणजे १०.३ टक्के, नव्या नियमाने पास. असं काठावरचं आलं तर दोन्ही आकडे लिहा.

गुणोत्तर ०.७० च्या खाली हवं हा हिशेब सीओपीडीचा (नळ्यांच्या कायमच्या अडथळ्याचा). चाळिशीच्या आतबाहेरच्या माणसात ०.७५ च्या खालचं गुणोत्तरही भुवई उंचवायला पुरे. मशीन खालची मर्यादा छापत असेल तर तीच धरा.

दुसरी वाट पीक फ्लो मीटरची (फुंकण्याचा सर्वांत जास्त वेग मोजणारं छोटं यंत्र). दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ. तिसरी मेथाकोलिन. ती मोठ्या शहरात आणि एफईव्ही१ चांगलं असेल तेव्हाच करायची. त्रास चालू असताना आणि स्टेरॉइड बंद असताना ती निगेटिव्ह आली तर सध्या दमा असण्याची शक्यता जवळजवळ संपते. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड ५० पीपीबीच्या वर असेल तर इओसिनोफिलिक सूज आहे एवढं कळतं. नाकाच्या ॲलर्जीनेही तो चढतो, सिगारेटने उतरतो.

एक प्रश्न राहिला: बाई काम काय करतात?

तालुका_जीपी

पेशंटला बोलावून विचारलं. तपासणीच्या दिवशी सकाळी रोटाकॅप घेतली होती, ‘लांब जायचं होतं म्हणून’. ग्राफ आहे, रेघ साधारण तीन सेकंदांवर तुटलेली आहे, सपाट नाही. फुंकर_पीएफटी, दोन्ही बाबतीत तुमचं बरोबर.

काम: घरची पिठाची गिरणी. नवरा वारल्यावर चार वर्षांपासून त्याच चालवतात. उन्हाळ्यात मिरचीचं कांडपही करतात. सोमवारी गिरणी बंद. सीबीनॅटला नमुना पाठवलाय.

छाती_विभाग

मग आता प्रश्न नुसता ‘दमा आहे का’ एवढा नाही, ‘कामाचा आहे का’ हाही आहे, आणि तो पंप सुरू होण्याआधीच सोडवायचा.

मिरचीवर संशय जाईल, पण मिरचीचा ठसका कुणालाही लागतो, तो चिडीचा भाग. दमा जडवतं ते गव्हाचं पीठ. महिने-वर्षं श्वासातून गेल्यावर शरीर त्यातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं) तयार करतं. म्हणूनच ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आत्ताच कसं?’ हा प्रश्न फसवा आहे. आधी नाक-डोळ्यांची खाज, शिंका, मग काही महिन्यांनी छाती, असा क्रम बऱ्याचदा सापडतो. विचारा. धान्यातल्या किडी-माइटचीही ॲलर्जी असते.

पीक फ्लो मीटर द्या आणि हे करून घ्या:

उभं राहून, पूर्ण श्वास भरून, ओठ घट्ट, एक जोरदार फटका. मेणबत्ती विझवल्यासारखा; लांब फुंकर नको, जीभ भोकात नको. दर वेळी काटा शून्यावर आणून तीनदा, आणि तिन्हींतला मोठा लिहायचा, सरासरी नाही. मीटर एकच ठेवा, दोन कंपन्यांच्या मीटरांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

साध्या दम्याला दोन वेळा पुरतं. इथे चार हवेत: उठल्यावर, गिरणी सुरू करण्याआधी, दुपारी, झोपताना. शक्यतो तीन-चार आठवडे, त्यात गिरणी बंद असलेले दिवस आले पाहिजेत. दर आकड्यासमोर ‘गिरणी चालू/बंद’. पंप या काळात फक्त सालब्युटामॉल, तेही गरज पडली तर, आणि घेतलं की वेळ लिहून. त्रास वाढून दिवसात तीन-चारदा लागायला लागलं किंवा बोलताना धाप लागली तर चार्ट गुंडाळा आणि उपचार सुरू करा. आकड्यासाठी कुणाला घुसमटत ठेवायचं नाही.

बदल काढायची रीत: दिवसातला सर्वांत मोठा वजा सर्वांत छोटा, भागिले त्या दोघांची सरासरी, गुणिले १००. मग आठवड्याची सरासरी. जिनाच्या (दम्यासाठीची जागतिक संस्था) मार्गदर्शनात मोठ्यांसाठी १० टक्क्यांहून जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, ब्रिटिश मंडळी २० टक्के मागतात.

वैनगंगाकाठचा

इओसिनोफिलवर कुणी बोललं नाही म्हणून. ८२०० च्या ९ टक्के म्हणजे ७३८. नोव्हेंबर २०२४ च्या ब्रिटिश मार्गदर्शनात लक्षणं दम्याची असतील आणि इओसिनोफिल वरच्या मर्यादेपलीकडे असतील तर तेवढ्यावर दमा म्हणायला परवानगी आहे. तो नियम आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका. तिकडे पोटात जंत नसतात, इकडे असतात.

७३८ दम्याशी सुसंगत आहे, जंतांशीही आहे. विष्ठा तपासा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात राहणारा किंवा राहून आलेला पेशंट असेल तर आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवायची: ट्रॉपिकल पल्मोनरी इओसिनोफिलिया. हत्तीरोगाच्या जंतूंविरुद्ध फुप्फुसाने केलेला आरडाओरडा. रात्रीचा खोकला, घरघर, सगळा देखावा दम्याचा. पण इओसिनोफिलचा ॲब्सोल्युट काउंट (टक्के नाही, प्रत्यक्ष संख्या) ३००० च्या वर, आयजीई प्रचंड, आणि रक्तात मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं) सापडत नाहीत. म्हणून ‘रात्रीचं रक्त निगेटिव्ह’ म्हणून तो नाकारू नये. उपचार डीईसी (हत्तीरोगाचं औषध), ६ मिलिग्रॅम दर किलोला रोज, तीन भागांत, २१ दिवस. अशा पेशंटला पंपावर ठेवलं तर वर्षानुवर्षं तो ‘हट्टी दमा’ म्हणून फिरतो आणि फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातं.

टक्केवारी कधीच वाचू नका, गुणाकार करा. आणि तोंडावाटे स्टेरॉइड देण्याआधी स्ट्राँगिलॉइड्सचा (आतड्यातला एक जंत) विचार करा. अल्बेन्डाझोलची एक गोळी त्याला पुरत नाही, आयव्हरमेक्टिन लागतं.

नाककान

थोडक्यात. पीठवाल्यांचं नाक बघितल्याशिवाय छातीचा हिशेब पुरा होत नाही. मागे घशात गळत असेल तर नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दोन-चार आठवडे, रोज. नोझलचं तोंड त्या बाजूच्या कानाकडे, मधल्या पडद्याकडे नाही. पडद्यावर मारला की रक्त येतं आणि पेशंट सोडून देतो. उजव्या नाकपुडीला डावा हात धरला की दिशा आपोआप बरोबर येते. छातीत जळजळ, आंबट ढेकर नसताना खोकल्यासाठी पँटोप्राझोल लिहिण्यात अर्थ नाही.

आवाज बसलाय का, आणि श्वास आत घेताना अडतंय का, हे विचारा. स्वरयंत्र आवळण्याचा त्रास दम्यासारखा दिसतो, पण अडथळा आत घेताना असतो आणि फ्लो-व्हॉल्यूम ग्राफचा खालचा अर्धा भाग चपटा येतो. बहुतेक लॅब तो अर्धा भाग काढतच नाहीत.

कबुतरे_नकोत

वरच्या यादीत एक भर. घराच्या गॅलरीत, गिरणीच्या पत्र्यावर पारवे-कबुतरं आहेत का? विष्ठेच्या धुळीने होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (ॲलर्जीने फुप्फुसाला येणारी सूज) सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही. पाठीवर खाली श्वास घेताना चर्र आवाज, चालताना ऑक्सिजन उतरणं, स्पायरोमेट्रीत दोन्ही आकडे सारखेच कमी आणि गुणोत्तर चांगलं, असं असेल तर एचआरसीटी (छातीचं बारकाईचं सीटी स्कॅन).

तालुका_जीपी

तीन आठवड्यांनी लिहितोय. सीबीनॅट निगेटिव्ह. विष्ठेत काही नाही, विदर्भात कधी राहिलेल्या नाहीत. पारवे नाहीत, छातीत चर्र नाही, चालून ऑक्सिजन ९८. नाक: सहा-सात महिन्यांपासून शिंका, ‘पिठाने होतातच’ म्हणून कधी सांगितल्या नाहीत. आवाज ठीक. चार्टमधले नमुन्याचे दोन दिवस:

शनिवार, गिरणी चालू: उठल्यावर ३६०, सुरू करण्याआधी ३५५, दुपारी ३१०, झोपताना २९०
सोमवार, गिरणी बंद: ३६०, ३६५, ३७०, ३६५

चालू दिवसांचा बदल २१ च्या आसपास, बंद दिवसाचा ३. सालब्युटामॉल आठवड्यातून दोन-तीनदा लागलं. स्पायरोमेट्री पुन्हा केली, या वेळी रोटाकॅप पूर्ण बंद होती आणि मुद्दाम शनिवारी संध्याकाळी, गिरणीतून थेट. एफव्हीसी २.५२, एफईव्ही१ १.७८, गुणोत्तर ०.७१. चार पफनंतर २.०६. ग्राफ शेवटपर्यंत सपाट.

छाती_विभाग

२८० मिलिलिटर, १५.७ टक्के. दमा. पहिल्या रिपोर्टशी ताडून बघा: त्याच बाई, तेच फुप्फुस.

तुमच्या चार्टमध्ये एक जागा घसरायची होती, ती सांगतो. आठवड्याची सरासरी काढली तर सहा दिवस २१ आणि एक दिवस ३, म्हणजे साधारण १८. ब्रिटिश २० च्या खाली, ‘निगेटिव्ह’. बंद दिवसाने सरासरी खाली ओढली, आणि निदान नेमकं त्या बंद दिवसातच आहे. कामाच्या दम्यात सरासरी नंतर, आधी चालू आणि बंद दिवस वेगवेगळे मांडून बघायचे. साध्या दम्यात सकाळचा आकडा पडतो, इथे झोपतानाचा पडलाय, हेही बोलकं. गव्हाचं विशिष्ट आयजीई किंवा प्रिक टेस्ट जमली तर करा. निगेटिव्ह आली तरी चार्ट खोटा ठरत नाही.

औषध: बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल २००/६, एक पफ सकाळ-संध्याकाळ, आणि त्रास झाला तर त्याच पंपाचा एक पफ जादा, सगळं मिळून दिवसात १२ च्या वर नाही. नुसतं सालब्युटामॉल हातात देऊन पाठवणं २०१९ पासून जिनाने बाद केलंय, कारण त्याने सूज तशीच राहते. रोटाकॅपच्या पावडरीने काहींना ओढताच खोकला येतो, मग ते ‘पंप सोसत नाही’ म्हणतात. या बाईंना स्पेसरसह एमडीआय (दाबून फवारा सोडायचा पंप) द्या: हलवणं, एक पफ, हळू खोल श्वास, दहा अंक धरून ठेवणं, मग दुसरा. शेवटी चूळ भरून थुंकणं. सवयीच्या भीतीवर उपदेश नको. चार्ट समोर ठेवून सोमवारच्या आणि शनिवारच्या ओळीवर बोट ठेवा.

गिरणीचं काय, हा अवघड भाग. ॲलर्जी जडल्यावर पीठ श्वासात जातच राहिलं तर दमा मुरतो, आणि नंतर गिरणी सोडूनही पूर्ण जात नाही. जितक्या लवकर बाहेर, तितकं बरं. ताबडतोब शक्य नसेल तर निदान: दळण टाकायला-काढायला दुसरा माणूस, पीठ पडतं त्या तोंडाला घट्ट कापडी नळी, समोरासमोर दोन खिडक्या उघड्या, पोती झटकणं बंद, जमीन कोरड्या केरसुणीने झाडायच्या ऐवजी ओल्या फडक्याने. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच कामाचा, पदराने काही होत नाही.

चार आठवड्यांनी पुन्हा स्पायरोमेट्री, पुन्हा शनिवारी संध्याकाळीच.

फुंकर_पीएफटी

आणि त्याच मशिनवर, त्याच लॅबमध्ये. पंप सकाळी घेतला की नाही ते रिपोर्टवर हाताने लिहायला सांगा, मशीन ते छापत नाही.

तालुका_जीपी

लिहून घेतलं. भाचा दळणाला बसायला तयार आहे. त्याचाही पीक फ्लो आजच नोंदवून ठेवतो.